अर्ध्यावर न सोडायचा ठेका

नेस्टर पहिल्यांदा मॉसावला आला तेव्हा गावातली सगळी कुत्री त्याच्या मोटरसायकलमागे लागली होती. आमचा हिप्शन मामा अंगणात बसून ढोलाला नवं कातडं ताणत होता. नेस्टरनं गाडी भिंतीला टेकवली, कुत्र्यांवर एक दगड उगारला आणि तसाच दगड हातात धरून म्हणाला, "मामा, तुमचा भाचा मला द्या."

मामानं मान वर केली नाही. "मागणी घालायला आलायस की भांडायला? दगड खाली ठेव आधी."

"मागणीच समजा."

"मग ने. आमच्यात मुलगी द्यायची पद्धत नाही, मुलगाच जातो नांदायला. पण हुंड्यात ढोल मिळायचा नाही."

भाचा म्हणजे माझा थोरला भाऊ, बात्सखेम. आम्ही त्याला बात्स म्हणायचो. खासी घरात घर धाकट्या मुलीचं, म्हणजे माझं, आणि ढोल मामाकडून भाच्याकडे जातो. मॉसावच्या वसंतातल्या नाचाला, शादला, ढोल वाजवायचा मान आमच्या घराण्याचा. बात्स पाच-सहा वर्षांचा असल्यापासून मामाच्या शेजारी बसून मांडीवर बोटं आपटायचा. बोलायला मात्र त्याच्या जिवावर यायचं. आई म्हणायची, याचं तोंड देवानं हातात घातलंय.

नेस्टर शिलाँगचा, चर्चमध्ये गात वाढलेला. त्याचा बँड होता, 'ब्लू पाइन्स'. तीन गिटार, एक ड्रमसेट आणि सगळी गाणी इंग्रजी. एकदा गुवाहाटीच्या कॉलेजात त्यांचा कार्यक्रम झाला. तिथले प्रोफेसर कौतुकानं म्हणाले, डोळे मिटले तर साहेबच गातायत असं वाटतं. बाकीचे खूश झाले. नेस्टरला ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. स्वतःचं काय आहे म्हणून तो शोधायला लागला, तर चर्चच्या भजनांशिवाय हाताशी काही लागेना, आणि तीही वेल्समधून बोटीनं आलेली. मग कुणीतरी त्याला आमच्या शादला आणलं. त्यानं बात्सचा हात ऐकला आणि पुढच्याच आठवड्यात कुत्री मागे लावून घेत तो दारात हजर झाला.

मामानं परवानगी दिली, पण एक अट घातली. आईनं ताटलीत पान-सुपारी, आमची क्वाय, आणून ठेवली होती. मामानं ती दोघांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "नाचाचे ठेके ने, बाजारातले ने, तिरंदाजीचे ने. मढ्यामागचा ठेका स्टेजवर चढणार नाही."

"का, मामा?" नेस्टरनं विचारलं. आढ्यता नव्हती त्यात, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"कारण तो ठेका नाही, ती वाट आहे. मढं घरातून उचललं की वाजवायला लागायचं आणि पार शेवटापर्यंत न्यायचं. अर्ध्यावर हात थांबला तर गेलेला माणूस तिथंच उभा राहतो. ना घरचा ना देवाचा."

आमच्यात माणूस गेलं की ते देवाच्या दारी क्वाय खायला गेलं म्हणतात. तिथं पोचवायचं काम ढोलाचं. दोघांनी मामाच्या हातची क्वाय चावली. म्हणजे शब्द दिला.

बँडचं नाव बदलून 'सुर लुम' झालं, डोंगराचे सूर. ड्रमसेट विकला. नेस्टरची साधी लाकडी गिटार, आमच्याकडचा चार तारांचा दुइतारा आणि बात्सचा ढोल. त्या काळातली त्यांची गाणी ऐकली की मला अजून चढणीची पायवाट दिसते. दुइतारा पुढे पळतोय, गिटार त्याला हाका मारतेय आणि ढोल दोघांना सांभाळत मागून येतोय. पहिली कॅसेट निघाली आणि टॅक्सीत, चहाच्या टपरीत, बाजारातल्या डुकराच्या मटणाच्या गाळ्यावर, जिकडे तिकडे तीच. आईनं ऐकली आणि म्हणाली, "हे आपलंच आहे की! नुसती आंघोळ घातलीय."

त्यानंतर तीनेक वर्षांत आई गेली. मामानं आणि बात्सनं घरापासून चितेपर्यंत ढोल वाजवला. मी किती रडले ते मला सांगता यायचं नाही. आवाज बसेपर्यंत रडले. नेस्टर आला होता, मांडीवर पिशवी घेऊन कोपऱ्यात बसला होता. मी त्याला भात वाढला एवढं आठवतं.

मग सुर लुमला दिल्ली-कलकत्त्याची बोलावणी यायला लागली. मोठ्या मैदानात तीन माणसांचा आवाज विरून जातो, असं नेस्टरचं म्हणणं पडलं. इलेक्ट्रिक गिटार आल्या. दुइताऱ्याला वायर लागली. विकलेल्या ड्रमसेटच्या जागी दुप्पट मोठा ड्रमसेट आणि तो बडवायला एक धिप्पाड माणूस आला. शेवटी आयबोर नावाचा हुशार मुलगा कीबोर्ड घेऊन आला. त्याच्या यंत्रात कुठलाही आवाज भरून ठेवता यायचा, आणि बटण दाबलं की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहायचा. बात्सची बैठक दर वर्षी थोडी मागे सरकत गेली. टीव्हीवर कार्यक्रम लागला की गावातले टवाळ म्हणायचे, "काय बात्स, काल तुझं डावं कोपर दिसलं हो! छान वाजवत होतं."

एकदा आमच्याच घरी दोघांची जुंपली.

"मी वाजवतो ते तुला तरी ऐकू येतं का?" बात्सनं विचारलं.

"लोक बदललेत, बात्स. आता पोरं बसून ऐकत नाहीत, उभी राहून ऐकतात."

"मग मीही उभा राहून वाजवतो. पण माझा माइक चालू ठेवायला सांग."

बात्सचा माइक चालू असायचा तो एकाच माणसामुळे, नेस्टरचा धाकटा भाऊ रापबोर. तो बँडची व्हॅन चालवायचा, सामान उचलायचा आणि सगळ्यांची नजर चुकवून बात्सच्या ढोलाचा आवाज वाढवायचा. प्रवासात दोघं शेजारी बसायचे. रापबोर अखंड बोलायचा, बात्स अखंड ऐकायचा. असं त्यांचं छान जमलं होतं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तो एका हिवाळ्यापुरता जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणीवर गेला. उंदराच्या बिळासारख्या त्या खाणी. शेजारच्या जुन्या खाणीतलं पाणी फुटून आत शिरलं तेव्हा रापबोर आतच होता. पंप लावले, पाणबुडे उतरले. आत होते त्यातलं कुणीच सापडलं नाही, जिवंत नाही आणि मेलेलंही नाही.

नेस्टरच्या आईनं चर्चमध्ये फोटो ठेवून प्रार्थना करवून घेतली. तिला त्यात धीर मिळाला. नेस्टरला मिळाला नाही. तो दिवसेंदिवस वाळत गेला. एका दुपारी तो आमच्या चुलीपाशी येऊन बसला. क्वाय पुढे केली तरी हात लावला नाही.

"बात्स, रापबोरवर गाणं केलंय. त्याला तो ठेका हवा."

कुठला, ते कुणी विचारलं नाही. बात्सनं लाकूड चुलीत सारलं. "त्याच्यासाठी मी खाणीच्या तोंडाशी जाऊन वाजवीन. तुझ्या घरी येऊन वाजवीन. स्टेजवर नाही."

"घरी आई वाजवू द्यायची नाही. खाणीपाशी पोलीस फिरकू देत नाहीत. माझ्याकडे स्टेजच आहे, बात्स. मला दुसरं घर कुठाय?"

बात्सनं नेस्टरला मामाकडे नेलं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मढं कुठाय?"

"नाही मिळालं."

"मग वाट कुणासाठी काढू?"

नेस्टर उठला. दारातून बाहेर पडताना त्याचा खांदा चौकटीला लागला, तरी त्यानं मागे पाहिलं नाही. मामाचं उत्तर मला तेव्हाही कठोर वाटलं, आजही वाटतं. मी तसं म्हटल्यावर मामा माझ्यावरच खेकसला, "जे माहीत नाही ते वाजवायचं कसं, तू सांग!"

त्या साली नोव्हेंबरात शिलाँगच्या पोलो ग्राउंडवर सुर लुमचा मोठा कार्यक्रम होता. मी आणि माझा नवरा दुपारीच जाऊन पुढची जागा धरून बसलो. मैदान माणसांनी फुललं होतं. गाणी होत गेली, पोरं नाचत राहिली. बात्स मागे ड्रमसेटच्या आडोशाला, दिसला न दिसल्यासारखा. मग नेस्टर माइकपाशी आला आणि म्हणाला, "शेवटचं गाणं माझ्या भावासाठी."

दिवे मंद झाले आणि मोठाल्या स्पीकरमधून ढोल वाजायला लागला.

मी बात्सकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

ढोल वाजतच होता. मढ्यामागचा ठेका. नवऱ्यानं माझं मनगट धरलं. "फिडा, हे कोण वाजवतंय?" मी काही बोलायच्या आत ढोलामागून एक बाई रडायला लागली. आभाळाएवढा आवाज. कुण्या बाईचं काळीज फाटलंय असं मला वाटलं, कीव आली, आणि मग त्या रडण्यातला 'मेइ' हा शब्द ऐकू आला, आई. तो आवाज माझा होता. नेस्टरनं आमची आई गेली त्या दिवशी पिशवीत टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता.

मैदानातली माणसं मोबाइलचे दिवे उंच धरून डोलत होती. त्यांना काय ठाऊक! नेस्टर डोळे मिटून गात होता आणि खरं सांगायचं तर तो इतकं चांगलं कधीच गायला नव्हता. पण मागचा ठेका चार पावलं चालायचा आणि पुन्हा पहिल्या पावलावर यायचा. माझी आई उंबऱ्याबाहेर पडायची आणि पुन्हा घरात. मी 'मेइ' म्हणायचे आणि पुन्हा 'मेइ'. पुढे जातच नव्हतं काही.

बात्स उभा राहिला. तो आता निघून जाणार असं मला वाटलं, आणि जावं असंही वाटलं. तो आयबोरच्या यंत्रापाशी गेला. त्यानं फक्त हात आडवा केला, बंद कर. आयबोर घाबरला. त्यानं नेस्टरकडे पाहिलं, पण नेस्टरचे डोळे मिटलेले. आयबोरचं बोट बटणावर अडलेलं मला खालून दिसत होतं. बात्स नुसता त्याच्याकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा माझं रडणं सुरू झालं आणि मध्येच तुटलं.

यंत्र थांबल्या ठिकाणाहून बात्सनं ठेका उचलला, उभ्यानंच, ढोल गळ्यात अडकवून.

गिटारी एकेक करून गप्प झाल्या. नेस्टरनं डोळे उघडले, मागे वळला, आणि बात्स काय करतोय ते त्याला कळलं. त्याच्या तोंडातला शब्द तिथंच राहिला. मैदानात शिट्ट्या झाल्या, "गाणं म्हणा, गाणं!" असा ओरडा झाला. बात्स वाजवत राहिला. हा ठेका आधी जड असतो, घरातून पाय निघत नाही तसा. मग चढणीचा होतो, मग मोकळ्या माळावरचा. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. गर्दीतल्या म्हाताऱ्या माणसांना ओळख पटली. कुणी डोक्यावरची टोपी काढली, कुणी शेजारच्याला गप्प केलं. नेस्टर स्टेजवर गुडघे टेकून बसला होता, माइक बाजूला पडला होता. शेवटी ढोल हलका हलका होत गेला आणि एका थापेवर थांबला. टाळी वाजली नाही.

मी धावत स्टेजमागे गेले. बात्स ढोल कापडात गुंडाळत होता, नेस्टर समोर उभा.

"बात्स, मी ती टेप रोज ऐकत होतो. मला दुसरं काही..."

"पोचला तो," बात्स म्हणाला. "दोघंही पोचली. आता या ठेक्यावर पुन्हा गाऊ नकोस."

बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. गावाचा दरबार भरला. दरबारात फक्त पुरुष बसतात, बायकांनी बाहेर थांबायचं. मी पायरीवर बसले होते आणि आतले आवाज चढत होते. मृतांचा ठेका तिकीट लावून विकला, असं एक जण म्हणत होता. घराण्याचाच मान काढून घ्या, असं दुसरा. नेस्टरला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला. त्याच्या हातात ती टेप होती. यंत्रातली नक्कल पुसली, खरी ही एवढीच, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं.

"जाळा ती!" आतून ओरडा झाला.

मामा काठी टेकत उठला. दरबार सोडून तो दारात आला. गावचा मुखिया म्हणाला, "मामा, बायकांना विचारायची पद्धत नाही आपल्यात."

"मी दरबारात नाही विचारत, पायरीवर विचारतोय. फिडा, टेपवरचं रडणं तुझं आहे. काय करायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नेस्टरकडे बघितलं. त्याला ओरबाडावं असं मैदानापासून मनात होतं.

"बाह नेस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला भात वाढला होता."

"हो, कोंग." बाह म्हणजे दादा आणि कोंग म्हणजे ताई, आमच्यात अशीच हाक मारतात.

"तेव्हाच मला विचारलं असतंत तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. वर ताटही काढून घेतलं असतं." मी ओंजळ पुढे केली. "टेप द्या इकडे. जाळायची नाही. आई गेली त्या दिवशीचा आमच्या घराचा आवाज आहे तो, कोंबडासुद्धा ओरडतोय त्यात. ती माझ्याकडे राहील आणि वाजणार नाही."

त्यानं टेप माझ्या ओंजळीत ठेवली.

मग मामा बात्सकडे वळला. मला वाटलं, मामा त्याला सोडवील. मामा म्हणाला, "वाट अर्ध्यावर सोडली नाहीस, चांगलं केलंस. क्वाय खाऊन दिलेला शब्द मोडलास, वाईट केलंस. एकानं दुसरं पुसून निघत नाही. मॉसावच्या शादला तू ढोलाला हात लावायचा नाही. मान घराण्यातच राहील, पण धाकट्या शाखेकडे जाईल." बोलताना मामाची हनुवटी हलत होती, पण त्यानं एक शब्दही मागे घेतला नाही. बात्सनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्यानं मग ढोल कुठंच वाजवला नाही, शादला नाही आणि बँडमध्येही नाही. मॉसाव ते शिलाँग वडापची सुमो चालवायला लागला. गाडीत कुणी सुर लुम लाव म्हटलं की चर्चची भजनं लावायचा. सुर लुमनं त्याच्याशिवाय एक सीडी काढली. सगळे ठेके यंत्राचे होते. ढोल नव्हता, ढोलासारखं काहीतरी होतं. आधी खपली, मग लोकांना कंटाळा आला. आयबोर बंगळुरूला निघून गेला, धिप्पाड ड्रमवाला लग्नाच्या बँडमध्ये. काही वर्षं नेस्टर कुठं आहे तेही कळत नव्हतं.

तो पुन्हा आला तेव्हा बसनं आला, केस पिकलेले, गिटार पाठीला. बात्स सुमो धूत होता. नेस्टरनं दुसरं फडकं उचललं आणि तोही धुवायला लागला. अर्धी गाडी झाल्यावर बोलला, "नवी गाणी आहेत. गिटार आणि दुइतारा, बास."

"ठेका?"

"नाही. तू ओरड."

"काय?"

"तिरंदाजीच्या मैदानात ओरडतोस ना, तसं."

आमच्याकडे तिरंदाजीत दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना जोडओळीतून टोमणे मारतात आणि शेवटी सगळे मिळून 'होइ किव!' अशी आरोळी ठोकतात. एरवी मुका असलेला बात्स तिथं मात्र पेटायचा. तरी त्यानं फडकं पिळलं आणि म्हणाला, "वेड लागलंय तुला. मला गाता येत नाही."

"म्हणून तर सांगतोय, ओरड."

त्यांचा पहिला कार्यक्रम बात्सच्या हट्टानं मॉसावलाच झाला, तिरंदाजीच्या माळावर, भर दुपारी. जिथं शिक्षा झाली तिथंच आधी गायचं, असं त्याचं म्हणणं. मामा पुढच्याच बाकावर, काठीवर हनुवटी टेकून. गावाची नजर गाण्यावर नव्हतीच, मामावर होती. तो उठून गेला असता तर सगळा माळ उठला असता.

नेस्टरनं तार छेडली. आवाज पूर्वीपेक्षा खाली आला होता, जरा खरखरीत, घाई नसलेला. दुइतारा त्याच्या सोबतीनं चालला. गाण्याच्या मध्यात दोघं थांबले आणि बात्स पुढे आला. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. मग तो सरळ मामाकडे बघून ओरडला,

"हात माझे बांधले मामा, तोंड बांधलं कुणी?
ऐका आता गाववाल्यांनो, ढोलवाल्याची गाणी!"

कुणीच आरोळी दिली नाही. असला टोमणा, तोही मामाला, भर गावात! मुखियानं मान फिरवली. मामा काठीवर भार देऊन हळूहळू उभा राहिला. संपलं, असं मी मनात म्हटलं.

मामानं घसा साफ केला.

"तोंड तुझं तुझ्या आईचं, तेही नव्हतं थांबत,
चुलीवरचं जळायचं अन् ती बसायची सांगत!"

आणि काठी वर करून एवढ्या जोरानं "होइ किव!" म्हणाला की कवळी निसटायचीच बाकी राहिली. मग सारा माळ ओरडला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. बात्सनं लगेच दुसरी ओळ टाकली, मामानं तिलाही उत्तर दिलं, आणि नेस्टर दोघांच्या मधे गिटार वाजवत उभा राहिला, भांडणात सापडलेल्या जावयासारखा.

मामानं बंदी मात्र उठवली नाही. वाटेत मी विचारलं तर म्हणाला, "ते वेगळं, हे वेगळं." मामाच्या मागंही ती उठली नाही, आणि ती उठवा म्हणून बात्सनं कधी कुणाला विचारलं नाही.

सुर लुम अजून गातो. स्टेजवर तीनच माणसं असतात, आणि आता पोरं पुन्हा खाली बसून ऐकतात, कारण टोमणा चुकवायचा नसतो. येत्या शनिवारी जोवाईला कार्यक्रम आहे. बात्सचा घसा आधीच बसलाय. मी आलं घालून लाल चहा बाटलीत भरून देणार. तो ती सुमोत विसरणार आणि घरी येऊन माझ्याच नावानं ओरडणार, अर्थात जोडओळीत.